जान्याच्या कोपराचे अंश

३ नोव्हेंबर, सोमवार

फिजिओथेरपीच्या ओ.पी.डी.ची पाळी आजपासून. सहा आठवडे, नऊ ते एक. पाळीचे गुण पा. मॅडमच्या सहीने.

हात धुतले चौदा वेळा.

वाटलं होतं तिसऱ्या वर्षाला आलं की पहिल्या वर्षीची ती प्रेतांच्या खोलीतली घाण संपली. पण प्रेताला घाम येत नव्हता. आज नऊ पेशंट. पाय, पाय, गुडघा, मान, पुन्हा पाय. भेगांत वाळलेला चिखल. शेकाच्या पिशवीवर गुंडाळायचा टॉवेल सगळ्यांना एकच. ओल्या गोणपाटासारखा वास. मावशींना म्हटलं, बदला. "शुक्रवारी धुतात," म्हणाल्या.

टेबलावर जोडीला निकुंज, उंबरगावचा. पेशंटच्या टाचेला हात लावतो, पँटला पुसतो, वेफर खातो. मला पण पुढे केले.

शेवटी जान्या आला. उपलाटकडचा. वय विचारलं तर म्हणाला, "तूच लिही, तुला दिसतं तेवढं." पस्तीस लिहिलं. दसऱ्याआधी झावळ्या तोडताना ताडावरून पडला. उजवं कोपर. हाडवैद्याने चार आठवडे बांबूच्या कामट्या बांधून ठेवल्या, आत अंड्याचा आणि पाल्याचा लेप. लेपाचं खरकटं अजून कातडीला आहे. काळपट, खवल्यांसारखं.

मापलं. हात सरळ व्हायला ४० अंश कमी. वाकतो ९५ पर्यंत. दोनदा मापलं, दोन्ही वेळा तेच.


५ नोव्हेंबर, बुधवार

पा. मॅडमनी जान्याचं कोपर माझ्या नावावर दिलं. सगळ्यांसमोर सांगितलं, "कोपर रागीट सांधा आहे. पेशंट स्वतः हलवेल तेवढंच. मालिश नाही, ओढाताण नाही. जोर लावला तर स्नायूच्या आत हाड धरायला लागतं. मग सगळं संपलं."

लिहून घेतलं. जोर नाही, खाली दोन रेघा.

मी हे शिकायला का आलो ते कोणी विचारलं तर सांगतो, लोकसेवा. खरं म्हणजे आठवीनंतर तीन वर्षं शाळा सोडून बाबांच्या होडीवर होतो. जाळ्यातून बोटं सोलवटायची आणि त्यात माशांचं पाणी जायचं. मग दहावी, बारावी बाहेरून बसून दिली. पांढरा कोट आणि स्वच्छ हात, एवढंच डोक्यात होतं. स्वच्छ हात!


७ नोव्हेंबर, शुक्रवार

११ डिसेंबरला कॉलेजच्या मान्यतेसाठी तपासणी समिती येणार. बोर्डावर ‘तपासनी’ लिहिलं होतं. कोणी नाही बघून पेनाने दुरुस्त केलं.

दुपारी मॅडमनी बोलावलं. "तुझं अक्षर स्वच्छ आहे, चुकाही नसतात. मागचे केसपेपर राहिलेत, ते पुरे कर."

केसपेपर कुठले राहिले, पेशंटच राहिलेत. जेवढे दाखवायला लागतात तेवढे आपल्याकडे येत नाहीत. कॉलेजच्या जीपचा ड्रायव्हर पाड्यांवरून नावं लिहून आणतो. तपासणीच्या दिवशी तीच माणसं जीपने येतील, बाकावर बसतील, जेवून जातील.

आज अकरा लिहिले. अकरा माणसांना मी दुखणी दिली. सगळ्यांचे अंश सारखे दिसू नयेत म्हणून कोणाला ६५, कोणाला ७२. डावा-उजवा गुडघा आलटून पालटून. निकुंज बघून हसला. "भाई, तू खोटं पण शुद्ध लिहितो. मला तर खरं पण नाय जमत."

किळस आली. पण अकराव्या पेपरात ‘संधिवात’चा ‘धि’ चुकला तेव्हा पान फाडून पुन्हा लिहिलं.


११ नोव्हेंबर, मंगळवार

जान्या: ३६.

त्याने आज सांगितलं. वाडीवाल्या शेठचे चौदा ताड त्याने अर्ध्या वाट्याने धरलेत. आता थंडी पडेल. ताडी यायला फुलोऱ्याला रोज सकाळ-संध्याकाळ पाती लावून काप द्यावा लागतो. सुरुवातीचे दिवस हुकले तर झाड त्या वर्षापुरतं गेलं, आणि शेठ पुढच्या वर्षी दुसऱ्याला देतो. चढताना हात वर सरळ जायला पाहिजे, नाहीतर खोड धरता येत नाही.

"महिन्यात होईल?"

मी "बघू" म्हटलं. कोणी मला तसं म्हटलेलं मला आवडत नाही.

लेपाचं खरकटं, घाम, वर शिळ्या ताडीचा वास. आजपासून हातमोजे घातले. जान्या मोज्यांकडे बघत राहिला. "काय रं, मासली साफ करतोस का?"

निकुंज खो-खो हसला. मी आगरचा, होडीवाल्याचा मुलगा आहे हे जान्याला माहीत नाही. निकुंजला आहे.


१४ नोव्हेंबर, शुक्रवार

३५. तीन दिवसांत एक अंश.

जान्याची बायको मंगी आज बरोबर आली होती. दारात उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही. तिने विचारलं, "हा नुसता हालवतो. तू काय करतोस?"

जान्या म्हणाला, "तो मापतो."

बरोबर बोलला.

मॅडमनी बजावलं, समितीसमोर प्रत्येकाने एक खरा पेशंट उभा करायचा, आधीचं माप आणि नंतरचं माप. चाळीसचे पस्तीस झाले हे कोण बघणार?


१६ नोव्हेंबर, रविवार. आगर

घरी आलो. ओट्यावर बोंबील वाळत घातलेले. नाक्यापासूनच वास. होऊ घातलेल्या बंदराच्या विरोधाचा बोर्ड आमच्या कुंपणाला बांधलाय, त्यावरही माशा.

आई बाजारातून आली, टोपली उतरवली, गुडघा धरून खाली बसली. "तिकडं परक्यांचे गुडघे बघतोस, जरा माझा बघ."

मी पिशवीत हातमोजे शोधले. नकळत. खरंच नकळत. वर बघितलं तर ती माझ्याकडे बघत होती.

"राहू दे रे. बाम लावते मी."

मग मी मोज्यांशिवाय दाबून बघितलं. तिने पाय ओढून घेतला. म्हणाली, बरं आहे आता. संध्याकाळपर्यंत लंगडत होती.

स्वतःची किळस पहिल्यांदा आली. याची नोंद असावी.


१८ नोव्हेंबर, मंगळवार

२२!

पस्तीसवरून बावीस. एका दिवसात.

कसं केलं ते लिहून ठेवतो. आधी वीस मिनिटं शेक. मग जान्या म्हणाला, "तुझ्या हाताला जोर नाय का रं? होडीवाल्याचा पोर म्हणं तू." निकुंजने सांगितलं असणार. मी त्याचा दंड गादीला दाबून धरला आणि मनगट खाली रेटलं. आत काहीतरी ताणून सुटल्यासारखं झालं. जान्याने दात खाल्ले, ओरडला नाही. पुन्हा रेटलं. तीनदा. कपाळावरचा घाम माझ्या बाहीवर टपकला, तरी सोडलं नाही.

मॅडम त्या वेळी मीटिंगमध्ये होत्या. नंतर पेपर बघून म्हणाल्या, "छान. असंच चालू दे."

जाताना कोपर गरम लागलं. शेकामुळे असेल. मोज्यातून नीट कळत नाही.

५ तारखेचं पान उघडलं आणि मिटलं.


२१ नोव्हेंबर, शुक्रवार

जान्या आला नाही. खोटे केसपेपर: आज सात, एकूण अठ्ठावन्न.


२४ नोव्हेंबर, सोमवार

आला. कोपर सुजून चकाकतंय. आतल्या घडीच्या वर, दंडाच्या खालच्या टोकाशी, बोटाला कडक गोळा लागतो. त्यावर तीन डाम. विळ्याचं टोक तापवून दिलेले, रुपयाएवढे गोल, एकात पू झालेला.

मोजे काढून बघितलं. गरम. आज शेक दिलेला नव्हता.

मापलं: ५२. वाकतो फक्त ७५.

मॅडमनी बघितलं. आधी मला विचारलं, सगळ्यांसमोर नाही, बाजूला घेऊन. "तू जोर लावलास?"

"नाही मॅडम. हळूच केलं."

असं मी म्हणालो. शब्द असेच्या असे.

मग मॅडम जान्याकडे वळल्या. "डाम कोणी दिला?" जान्याने दाराकडे बोट केलं. मंगी तिथेच उभी होती, हातात कापडी पिशवी.

"हात घालवलास बाई तू याचा," मॅडम म्हणाल्या. "चांगला बावीसवर आला होता. शिकल्यासवरल्या माणसांवर विश्वास ठेवायचा नाही, आणि मग रडत यायचं."

मंगी म्हणाली, "दुखत होता फार. झोपत नव्हता." एवढंच.

जान्या तिच्याकडे बघत होता. मी अंशमापी पुसत होतो. पुसून झालेली तीच ती पुन्हा.


२५ नोव्हेंबर, मंगळवार

हात: एकवीस वेळा. नखांच्या कडा फाटल्यात.

आधी काय झालं? रेटलं मंगळवारी. डाम कधी दिला, मला माहीत नाही. आधी दिला असेल तर दोष डामाचा. नंतर दिला असेल तर सूज आधीचीच, आणि दुखलं म्हणून डाम. विचारलं की कळेल. विचारलं नाही.


२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सरकारी दवाखान्यातून एक्स-रे काढून आणला. मॅडमनी खिडकीला धरून दाखवला. सांध्याच्या पुढे ढगासारखं पांढुरकं.

"हाड धरतंय," म्हणाल्या.

"किती दिवस लागतील?"

"आता हातच लावायचा नाही. सहा महिने, आठ महिने, मग बघायचं ऑपरेशनचं. नाहीतर असाच राहील."

जान्याला मीच सांगितलं. तो बोटांवर महिने मोजायला लागला आणि मध्येच थांबला. ताडी सहा महिनेच असते.

केसपेपरवर मॅडमनी सांगितलं तसं मी लिहिलं: रुग्णाच्या घरच्यांनी दिलेल्या डामामुळे गुंतागुंत. सुंदर अक्षरात. एकही चूक नाही.


२ डिसेंबर, मंगळवार

फक्त डाम धुवायला म्हणून जान्याला बोलावलं होतं. एकटाच आला. मळका शर्ट एका हाताने घातलेला, बटणं खालीवर.

"मंगी कुठंय?"

"घालवली तिला. भावाकडं, संजाणच्या पुढं. माझा हात खाल्ला तिनं."

पोरं कुठे विचारलं. लहानगी तिच्याबरोबर, मोठा इथे. चौदा झाडं शेठने जान्याच्या चुलत्याला दिली.

मग विचारलंच. डाम कधी दिला होता?

"तू ओढला ना, त्याच दिवशी सांजच्याला फुगला. दोन दिवस कळ काढली. मग दिला तिनं. मीच म्हटला दे. पण तिला समजाया पाहिजे होता."

जखम धुतली, पट्टी केली. पू माझ्या अंगठ्याला लागला. बराच वेळ तसाच राहू दिला.


४ डिसेंबर, गुरुवार

मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. खुर्चीवर बस म्हणाल्या, बसलो नाही. म्हटलं, १८ तारखेला मी जोर लावला होता. तीनदा. सूज त्याच दिवशी आली. डाम दोन दिवसांनी.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा घातलं.

"मी तुला विचारलं होतं."

"हो."

"मला वाटलंच होतं तेव्हा." मग म्हणाल्या, "आता हे कोणाला सांगितलंस?"

"कोणाला नाही."

"आठवड्यावर समिती आलीय. पेपर आहे तसा राहू दे. डाम दिला हेही खरंच आहे ना? आणि हे बघ, तो पेशंट समितीसमोर तूच मांडायचास. डामाचे दुष्परिणाम. त्यांना असलं बघायला आवडतं. चांगले गुण पडतील."

नाही म्हणायला तोंड उघडलं. "हो मॅडम," बाहेर पडलं.


८ डिसेंबर, सोमवार

इंग्रजीत सात वाक्यं पाठ केली. निकुंज ऐकून म्हणाला, "मस्त. फक्त इतकं रडका चेहरा नको करू, भाई. मयतीला आल्यासारखा."

त्याला सांगितलं सगळं. तो वेफर खाता खाता थांबला. "मला माहीत होतं. मी बाजूलाच होतो ना त्या दिवशी."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोललास?"


११ डिसेंबर, गुरुवार

जीपने तीन खेपा केल्या. बाकं भरली. माझे अठ्ठावन्न लोक होते त्यात. एक म्हातारा मला विचारतो, "मना कंचा गुडघा सांगायचा?" यादी बघून सांगितलं. डावा.

समितीत तिघं. एका टेबलापाशी थांबायचे, पुढे सरकायचे, रुमाल नाकाला. मला त्यांचा राग यायला हवा होता. मलाही रुमाल हवा होता.

जान्याला शर्ट काढून बसवलं. मी सातही वाक्यं म्हटली. एकदाही अडखळलो नाही. डाम हा शब्द आला की काठीने जखम दाखवायची, दाखवली. मोठे सर जवळ वाकून म्हणाले, "व्हेरी सॅड. अज्ञान." मॅडमनी मान हलवली. केसपेपर उलटून त्यांनी अक्षराचं कौतुक केलं.

जान्या माझ्याकडे बघत होता. इंग्रजी त्याला कळत नाही. हसल्यासारखं करत होता, आपल्याबद्दल काही चांगलं चाललंय असं समजून.

इतकी घाण मला फॉर्मलिनची वाटली नव्हती, बोंबलांची नाही, पुवाचीही नाही.

जेवणाच्या रांगेत त्याच्या पत्रावळीवर भात वाढला आणि तिथेच सांगितलं. हळू, मराठीत. मॅडमनी जोर लावू नको म्हणून सांगितलं होतं. मी लावला. हात माझ्यामुळे गेला. डामाने कातडी भाजली, हाड मी धरवलं.

त्याने डाव्या हाताने दोन घास खाल्ले. मग म्हणाला, "तेव्हाच का नाय बोलला?"

"भ्यालो."

"म्हंजे मंगीचा काय नाय."

"नाही."

मागचा माणूस म्हणाला, पुढं सरका की. जान्या सरकला नाही. आपल्या कोपरावरच्या तीन डागांकडे बघत होता. "डाम कुणाला द्यायचा होता मग?"

मला वाटलं मारेल. मारायला हवं होतं असंही नाही, पण तयार होतो. त्याने पत्रावळ माझ्या हातात दिली आणि पाणी प्यायला गेला. परत येऊन म्हणाला, "रविवारी चल. तू सांग तिला. माझा ती ऐकायची नाय, मी लई बोललो तिला."


१२ डिसेंबर, शुक्रवार

मॅडमनी विचारलं, "रांगेत पेशंटशी काय बोलत होतास?"

सांगितलं.

त्यांनी पाळीचा फॉर्म पुढे केला होता, तो परत ओढून ड्रॉवरमध्ये ठेवला. "सोमवारी ये."

सही झाली नाही तर पाळी पुन्हा, म्हणजे सहा महिने मागे. किंवा आणखी काही. निकुंजची सही झाली.

केसपेपर माझ्याकडेच लावायला होते. जान्याच्या पेपरवर २८ तारखेच्या ओळीखाली लिहिलं: १८ नोव्हें. रोजी विद्यार्थ्याने जोराने ताणले, त्याच दिवशी सूज. खाली माझं पूर्ण नाव. आधीची ओळ खोडली नाही. दोन्ही आहेत. फाईल कपाटात ठेवली.


१४ डिसेंबर, रविवार. तळासरी नाका

सकाळचे सव्वाआठ. जान्या माझ्याआधी येऊन उभा होता. धुतलेला शर्ट, बटणं नीट, मोठ्या पोराने लावून दिली म्हणाला. सासरी जायचं म्हणून जिवंत कोंबडी आणलीय, पाय बांधून. मला बघताच पुढे केली.

"धर. माझा हात नाय चालत."

धरली. फडफडली. प्रवासी जीपच्या मागच्या बाकावर बसेपर्यंत तिने माझ्या मनगटावर घाण केली, गरम आणि पातळ. पुसायला काही नव्हतं. जान्याने बघितलं आणि तोंड खिडकीकडे केलं. खांदे हलत होते त्याचे. हसत होता बहुतेक.

आत्ता कोंबडी पायाशी ठेवून हे लिहितोय.

मंगीला पहिलं वाक्य काय बोलायचं ते जान्याला विचारलं. म्हणाला, "पहिला तिचा भाऊ बोलंल. लई बोलंल. तू मधी बोलू नको."

"मग?"

"मग तिला बोलायचा असंल तर ती बाहेर येईल."

"नाही आली तर?"

ड्रायव्हर संजाण, संजाण ओरडतोय. जीप भरल्याशिवाय सोडणार नाही. अजून तीन माणसं पाहिजेत.